गावाकडच्या घराचा मेंटेनन्स कोण बघणार?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललं तसंच ठेवलंय.)



पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारा माणूस दर महिन्याला सोसायटीचा मेंटेनन्स भरतो, आणि भरताना कुरकुरतो. पण त्या पैशात काय काय होतंय ते कुणी बघत नाही. टाकी भरायला एक माणूस असतो, मोटर बिघडली की फोन करायला सेक्रेटरी असतो, ड्रेनेज तुंबलं की गाडी येते, गच्ची गळायला लागली की वॉटरप्रूफिंगवाला येतो. हे सगळं आपण ऑफिसात बसलेलो असताना होऊन जातं. आपल्याला फक्त व्हॉट्सॲपवर नोटीस येते की उद्या दहा ते बारा पाणी बंद.

गावाकडं नोटीस येत नाही. सेक्रेटरी तुम्ही, वॉचमन तुम्ही, आणि महानगरपालिका पण तुम्हीच.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या लातूर-नांदेडकडची कितीतरी पोरं पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून गावी आली. बरीच परत गेली. काही लॅपटॉप घेऊन तिकडंच राहिली. आणि एक मोठा गट असा आहे की ज्यांचं अजून “बघू, बघू” चालायलंय. आईवडील थकत चाललेत, घर जुनं झालंय, शेत बटईनं दिलंय. परत जावं का, किंवा निदान महिन्यातले दहा दिवस तिकडं राहावं का, हा विचार डोक्यात असतो. अशा वेळी सगळे पहिला प्रश्न विचारतात तो नेटचा. खरं सांगू का, नेट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. दोन कंपन्यांची सिमकार्डं आणि राउटरला एक छोटी बॅटरी, बऱ्याच गावांत तेवढ्यात भागतं. अवघड आहे ते घर.

घराची देखभाल म्हणलं की रंग, फरशी, दारं-खिडक्या असं डोळ्यासमोर येतं. माझं म्हणणं वेगळं आहे. मराठवाड्यातल्या घराची देखभाल म्हणजे मुख्यतः पाण्याची देखभाल. छतावर पडणारं पाणी, पायात मुरणारं पाणी, बोअरमधून वर येणारं पाणी आणि मोरीतून बाहेर जाणारं पाणी. ही चार पाणी नीट वागली तर घर उभं राहतं. एकानं जरी दगा दिला तरी बाकी सगळं केलेलं वाया. सुरुवात वरून करू.

माळवद: दुरुस्तीनंच धोका वाढवला

ज्यांचं जुनं घर आहे त्यांना माळवद माहीत आहे. दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर लाकडी फळ्या, आणि वर मातीचा जाड थर. मधे उजेडाला सवणं. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर किती मोठं हे सांगताना म्हातारी माणसं चौरस फूट सांगत नाहीत, खण सांगतात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसला गेला तरी माळवदाखाली झोप लागते. पत्र्याखाली ती लागत नाही हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पण हे छत जिवंत ठेवायला दरवर्षी काम करावं लागतं. मृग निघायच्या आधी वर चढायचं, उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, आणि जिथं खड्डा पडलाय तिथं पांढरी माती टाकून चोपायची. पांढरी माती चिकट, पाणी खाली जाऊ देत नाही. पावसाळ्यात गळलं की परत वर जायचं, परत माती.

आता ह्यात एक गंमत आहे, आणि ती भयंकर आहे. दरवर्षी माती टाकायची, पण जुनी काढायची कुणी नाही. बापानं टाकली, त्याच्या बापानं टाकली. थर वाढत वाढत कुठं दीड फूट, कुठं दोन फूट झाला. थोडा हिशोब करू. दहा बाय दहाची एक खोली घ्या. तिच्यावर एक फूट मातीचा थर म्हणजे साधारण साडेचार टन वजन. दोन फूट असेल तर नऊ टन. उसानं भरलेली एक ट्रॉली डोक्यावर उभी आहे आणि खाली आपण अंथरूण टाकलंय.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास काय झालं ते आपल्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. जगाच्या हिशोबात ६.२ हा काही फार मोठा भूकंप नव्हे. जपानमध्ये एवढ्या भूकंपाला इतकी माणसं जात नाहीत. आपल्याकडं जी गेली ती घरांखाली गेली.

भिंत का पडली हे समजून घ्या, कारण तुमच्या घराची भिंत तशीच असू शकते. त्या भिंती बाहेरून भक्कम दिसतात. पण आत बघितलं तर ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी रांग, आणि मधे खडी, चिपा, माती भरलेली. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार दगड, ज्याला जोडदगड म्हणतात, तो बऱ्याच ठिकाणी घातलेलाच नव्हता. मातीचा गिलावा पावसाचं पाणी पीत पीत कमजोर झालेला. जमीन हलली की दोन रांगा एकमेकींपासून सुटतात, बाहेर फुगतात आणि कोसळतात. वरून मातीचे टनच्या टन. माती इतकी बारीक की ढिगाऱ्याखाली हवेला जागा उरत नाही. त्याच वेळी जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथं भिंती पडूनही छत वर टिकल्याची उदाहरणं होती. म्हणजे खांब काम करत होते. मारलं ते भिंतीनं आणि वजनानं.

म्हणून जुनं माळवदाचं घर हातात आलं की दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, पाडून टाक, स्लॅब ओत. दुसरा म्हणतो, वाडा आहे, हात लावू नको. मला दोन्ही पटत नाहीत. १९९३ नंतर तज्ज्ञांनी अशा घरांसाठी जे उपाय सांगितले त्यातले काही अजिबात महाग नाहीत. पहिला उपाय तर फक्त घामाचा आहे. उन्हाळ्यात वरची माती काढायची आणि थर आठ इंचांच्या आसपास आणायचा. काढताना सगळ्या बाजूंनी सारखी काढायची, एका कडेला ढीग करायचा नाही. मग जाड प्लास्टिकचा कागद अंथरून वर थोडी माती. गळती थांबवायचं काम आता मातीऐवजी कागद करतो, त्यामुळं जाड थराची गरजच राहत नाही. दुसरं, खांब आणि तुळई जिथं भेटतात त्या कोपऱ्यात तिरका लाकडी नाहीतर लोखंडी टेकू, म्हणजे सांगाडा झुलत नाही. तिसरं, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं. हा उशिरा घातलेला जोडदगडच झाला. हे तिसरं काम जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच करा, यूट्यूब बघून भिंतीला भोकं पाडू नका.

एक गोष्ट मात्र करूच नका. मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंतींवर नवीन स्लॅब. “भिंती तर मजबूत आहेत की, फक्त वरचं बदलू” असं म्हणत हे सर्रास होतं. खालची भिंत तीच दोन रांगांची, आणि वर आता काँक्रीटचं वजन.

आणि पत्र्यावाल्यांनी पण ऐका. वारं-वावधानात पत्रे उडू नयेत म्हणून आपण वर दगड ठेवतो. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले, पहिला ४.५ चा. नांदेड-परभणीला पण जाणवले. तेव्हा प्रशासनानं लोकांना सांगितलं होतं की पत्र्यांवर ठेवलेले दगड काढा. लगेच १० जुलैला परत तेवढ्याच तीव्रतेचा धक्का. दगडाच्या जागी हुकाचे बोल्ट लावून पत्रा खालच्या पाइपाला आवळायचा. एका दिवसाचं काम आहे. त्यात वानरांची टोळी पत्र्यावर नाचून गेली की बोल्ट ढिले होतात, तेव्हा वर्षातून एकदा पाना घेऊन चढायचंच.

काळी आणि पांढरी

छत झालं, आता पाया. जुन्या मराठीत गावाचे दोन भाग आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पूर्वजांनी घरं पांढरीवर बांधली, काळीवर नाही. हे शब्द आपण ऐकतो आणि सोडून देतो, पण त्यात सिव्हिल इंजिनिअरिंगचा अख्खा धडा आहे.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात, ते ह्यामुळंच. पिकाला हे चांगलं. घराला वाईट, कारण घराखालची जमीन दरवर्षी वर-खाली होते, आणि तीही सगळीकडं सारखी होत नाही. बाथरूमच्या बाजूला ओल, उन्हाच्या बाजूला कोरडं. एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो, आणि भिंतीला जिन्यासारखी तिरपी भेग पडते. शहरातून आलेला माणूस शेतात मस्त फार्महाऊस बांधतो आणि दोन वर्षांनी मिस्त्रीला शिव्या देतो. मिस्त्रीची चूक असेलही, पण बऱ्याचदा दोष जागेचा असतो.

नवीन बांधणार असाल तर पाया काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली न्या. काळीचा थर लई खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले खांब, ज्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात, ते ह्याच मातीसाठी आहेत. घर आधीच बांधलेलं असेल तर पायाजवळची ओल कमी-जास्त होऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. घराच्या चारी बाजूंनी तीन-साडेतीन फूट रुंद फरशी किंवा कोबा, बाहेरच्या बाजूला उतार. पत्र्याचं पाणी पाइपानं दूर. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा आणि त्यात रोज सोडलेला पाइप ही शहरी हौस इथं नको. भेगा सिमेंटनं बुजवून रंग मारला तर पुढच्या मे महिन्यात त्या परत भेटायला येतात.

बोअर, लाइट आणि जळलेली मोटर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ हे नाव तेव्हा देशभर झालं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. बाहेरच्यांसाठी ती बातमी होती. आपल्यासाठी तो खडकाचा प्रश्न आहे.

आपल्याखाली बेसाल्ट आहे, काळा पाषाण. वाळूत पाणी जसं सगळीकडं भरून राहतं तसं ह्या खडकात राहत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खालच्या फटींत काय असेल तेवढंच. म्हणून शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागतं आणि तुम्हाला सहाशेला पण धूळ उडते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात पिण्याच्या पाण्याचे अपवाद सोडले तर ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई आहे. प्रत्यक्षात लातूरकडं लोक सातशे-आठशे फुटांवर जातात. तिथलं पाणी पावसानं लवकर भरत नाही. तो बँकेतला साठा आहे, महिन्याचा पगार नाही.

मग भरवशाचं पाणी कुठलं? छतावरचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे सूत्र पाठ करून ठेवा. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर. लातूरला बरा पाऊस झाला आणि ७०० मिलिमीटर धरला तर पडतात पासष्ट हजार लिटर. वीस टक्के सांडलं, उडालं, तरी बावन्न हजार उरतात. पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला पन्नास लिटर धरले तर वर्षाला लागतात अठरा हजार. म्हणजे टँकरची वाट बघणाऱ्या घराच्या डोक्यावर दरवर्षी तिप्पट पाणी पडतं आणि गटारीनं निघून जातं! पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, त्यात वर्षाची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. त्यानंतरचं गाळणीतून झाकलेल्या टाकीत, आणि प्यायच्या आधी उकळून. टाकीत उजेड शिरला की शेवाळ धरतं. टाकीला जागा नसेल तर निदान बोअरभोवती खड्डा करून, दगड-खडी-वाळू भरून त्यात सोडा.

बोअरचंच पाणी प्यायचं असेल तर आधी तपासून घ्या. मराठवाड्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराईड आणि नायट्रेट जास्त सापडतं, आणि ते चवीवरून कळत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची जिल्ह्याला प्रयोगशाळा असते.

आता लाइट. गावठाणात घर असेल तर एक तऱ्हा, शेतात असेल तर दुसरी. शेतीच्या फीडरवर थ्री फेज दिवसाचे ठरावीक तासच असते, साधारण आठ, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. मोटर त्याच वेळात चालते. शहरातून आलेल्याला सगळ्यात जास्त हेच जड जातं. नळ सोडला की पाणी, ही सवय मोडावी लागते. मला स्वतःला हे बफरिंगसारखं वाटतं: नेट अधूनमधून येतंय तर व्हिडिओ आधीच भरून ठेवायचा. चार माणसांना दिवसाला चारशे लिटर धरले तर पाच हजारांची टाकी बारा दिवस खेचते. डीपी जळाली, लाइन तुटली तरी तेवढ्यात काहीतरी मार्ग निघतो. दोनशे लिटरचा बॅरल घेऊन शेतात राहायला जाऊ नका.

मोटर जळते ती बहुतेक वेळा कमी व्होल्टेजमुळं. हे जरा उलटं वाटतं. कमी व्होल्टेज म्हणजे कमी ताण, असं आपल्याला वाटतं. पण मोटरला तेवढंच पाणी तेवढ्याच खोलीवरून उचलायचंय. व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट ओढते, आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दीडपट झाला की वायंडिंग सव्वादोन पट तापतं. लाइट आली की अख्ख्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात, ऑटो स्विच लावलेले असतात ना, आणि पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज धाडकन खाली. म्हणून ऑटो स्विचमध्ये थोडा उशीर सेट करा. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावा. “ट्रिप होतंय सारखं” म्हणून कुणी तो वाढवून ठेवला असेल तर त्यानं तुमचा अलार्म बंद केलाय, आग तशीच आहे. उन्हाळ्यात पाणी तुटतं, तेव्हा कोरडी चाललेली मोटर बंद करणारं उपकरण पण हवंच. सातशे फुटांवरून मोटर वर काढायची म्हणजे कप्पी, चार माणसं आणि अर्धा दिवस, मग तालुक्याला नेऊन रिवाइंडिंग. ते उपकरण ह्या एका खेपेपेक्षा बहुतेक स्वस्तच पडतं.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो: उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत चला. कोरड्या जमिनीत अर्थिंग नावालाच राहतं. आणि विजा कडाडायला लागल्या की लॅपटॉप, राउटर, टीव्ही, सगळ्यांच्या पिना काढून टाकायच्या, मीटिंग चालू असली तरी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. शेतात राहणाऱ्याच्या फोनमध्ये ते असलंच पाहिजे.

सांडपाणी, आणि नांदेडची कमाल

आलेलं पाणी कुठंतरी जाणार. गावात ते सहसा रस्त्यावर जातं, तिथं डबकं, डबक्यात डास, आणि शेजाऱ्याशी भांडण. ह्यावरचा एक उपाय तर नांदेडच्या नावानंच गाजला. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे केले, गटारीतलं उघडं पाणी संपवलं आणि डासांना राहायला जागाच ठेवली नाही. लोक त्याला मॅजिक पिट म्हणतात. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि खडी, वर झाकण. मोरीचं पाणी टाकीत येतं, गाळ तिथं बसतो, पाणी भोकांतून खडीत आणि तिथून जमिनीत. टाकीतला गाळ अधूनमधून काढला तर वर्षानुवर्षं चालतं. नाही काढला तर भोकं बुजतात आणि खड्डा भरून वाहतो.

आता तुम्ही वरचं ऐकलंय, तेव्हा अडचण लगेच लक्षात येईल: काळ्या मातीत पाणी मुरतच नाही. खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे. तो घराच्या पायाला चिकटून पण नको, नाहीतर एका हातानं कोरडं ठेवायचं आणि दुसऱ्यानं भिजवायचं. संडासाचं पाणी ह्यात सोडायचं नाही. त्याला दोन खड्ड्यांची पद्धत चांगली. एक भरला की दुसऱ्यात वळवायचं, पहिला वर्ष-दोन वर्षं तसाच ठेवायचा, आत सुकं खत तयार होतं. विहीर-बोअरपासून पन्नास फूट तरी लांब.

उंदीर, म्हणून साप

सापांचा विषय निघाला की शहरातल्या मित्रांचे डोळे मोठे होतात. घरात साप येतो तो उंदरामागं येतो, आणि उंदीर येतो तो धान्यामागं. सोयाबीनची पोती राहत्या खोलीत, दाराशी तुराट्यांचा ढीग, भिंतीला टेकून विटा. हे तीन हलवले की निम्मं काम झालं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि बऱ्याचदा दुखत पण नाही. पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून माणूस सकाळी उठून सांगतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बाबा-बुवाकडं तर जायचंच नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींवर चालणारी एकच लस सरकारी दवाखान्यात असते. आपल्या गावापासून ती नक्की कुठल्या दवाखान्यात आहे हे पाऊस पडायच्या आधी विचारून ठेवा, आणि रात्री दोन वाजता गाडी काढणाऱ्या माणसाचा नंबर पण.

माणूस कुठून आणायचा

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, हे करणार कोण? खरी अडचण इथंच आहे. ॲपवर टिचकी मारली की प्लंबर, असं इथं नाही. मोटरवाला एकच, चार गावांना मिळून. सुतार शहरात गेलाय. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर दुप्पट पैसे देऊन पण हात मिळत नाहीत.

जुन्या गावात ह्याची सोय होती, बलुतं. सुतार, लोहार वर्षभर घराची, अवजारांची दुरुस्ती करायचे आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचे. आपल्या भाषेत वर्षाचा मेंटेनन्स करार. काही लोक हे सांगताना फार हळवे होतात. त्यांनी हे पण सांगावं की त्या करारातून बाहेर पडायची मुभा नव्हती, काम जन्मानं ठरायचं, आणि ज्यांच्या वाट्याला सगळ्यात घाण काम आलं त्यांना सगळ्यात कमी मान होता. ते गेलं हे बरंच झालं. पण त्यातला एक भाग पैशानं आणि सन्मानानं परत करता येतो. वायरमनला, मोटरवाल्याला, मिस्त्रीला बिघाडाच्या दिवशी फोन करण्यापेक्षा वर्षातून दोन ठरलेल्या भेटी द्या, ठरलेले पैसे वेळेवर द्या, आल्यावर चहा पाजा, ‘काका’ म्हणा. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक भेट, दिवाळीनंतर एक. शहरातून आलेल्यानं “पैसे फेकतो, आत्ता ये” म्हणलं की गावातला माणूस “आलोच” म्हणतो आणि येत नाही. ह्यात त्याचं काही चुकत नाही.

आणि जे सध्या तिकडं राहूच शकत नाहीत त्यांच्यासाठी. कुलूप लावलेलं घर सगळ्यात लवकर पडतं. पन्हाळ तुंबलेली कुणी बघत नाही, वाळवी तुळईत शिरलेली दिसत नाही, एका कोपऱ्यातली गळती चार महिने तशीच चालते. तेव्हा किल्ली पुण्यात तुमच्या कपाटात ठेवू नका. गावातल्या कुणाला तरी द्या, आठवड्यातून एकदा दारं उघडायला सांगा, त्या कामाचे रीतसर पैसे द्या. आणि पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री फोन करून एकच विचारा: काका, कुठं गळतंय?

पुढच्या एपिसोडमध्ये सातबारा, आठ-अ आणि घराचा उतारा. वडिलांच्या नावावर आहे की आजोबांच्या, तेवढं तोवर बघून ठेवा.